रोजचं पंधरा मिनिटांचं ध्यान: काय मिळतं, काय मिळत नाही

संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०२४ मध्ये ठराव करून २१ डिसेंबर हा ‘जागतिक ध्यान दिवस’ ठरवला. ठराव मांडणाऱ्या देशांत भारतही होता. हा दिवस जवळ आला की सोसायटीच्या ग्रुपवर सूर्योदयाच्या फोटोंखाली दाव्यांची रांग लागते: ध्यानाने बीपी जातं, मेंदू वाढतो, पोट उतरतं, मुलांचे मार्क वाढतात. ‘डोळे मिटून बसण्यापेक्षा चार किलोमीटर चालून या’ म्हणणारेही त्याच ग्रुपवर असतात. दोन्ही बाजूंच्या बोलण्यात थोडंथोडं तथ्य आहे. गेल्या वीसेक वर्षांत ध्यानावर बऱ्यापैकी शिस्तीत चाचण्या झाल्यात. त्यामुळे कुठला फायदा पक्का, कुठला अर्धामुर्धा आणि कुठला नुसताच फॉरवर्ड, हे आता सांगता येतं.

ध्यानात करायचं काय असतं?

ढोबळ मानाने ध्यानाचे तीन प्रकार. पहिल्यात मन एका आलंबनावर ठेवायचं. आलंबन म्हणजे मन टेकवायची जागा, मग तो श्वास असो, नाम असो की समईची ज्योत. दुसऱ्यात शरीरात आणि मनात जे उमटेल ते, त्यात न गुंतता, पाहत राहायचं, विपश्यना यातली. तिसऱ्यात मैत्रीभावना मुद्दाम जागवायची: आधी स्वतःबद्दल, मग आपल्या माणसांबद्दल, शेवटी ज्याच्याशी उभा दावा आहे त्याच्याबद्दलही. नवख्याने पहिल्या प्रकाराने सुरुवात करावी आणि आलंबन श्वासाचं घ्यावं. श्वास कायम जवळ असतो, त्याला पैसे पडत नाहीत आणि तो कुठल्याही धर्माचा नसतो.

प्रत्यक्षात होतं असं. लक्ष श्वासावर ठेवलं की चार-पाच श्वासांत ते सुटतं. मन वीजबिलावर जातं, तिथून मीटर रीडिंगवर, तिथून शेजाऱ्यांच्या एसीवर. मग केव्हातरी लक्षात येतं की आपण श्वास कधीच सोडला. तिथून परत श्वासावर यायचं. पुन्हा सुटतं, पुन्हा लक्षात येतं, पुन्हा परत. पंधरा मिनिटांत ही फेरी तीस-चाळीस वेळा होऊ शकते, आणि इथेच बहुतेकांना वाटतं की ‘मला ध्यान जमत नाही’.

तांदूळ निवडायला घेतल्यावर खडा सापडला, तर निवडणं बिघडलं असं कोणी म्हणत नाही. खडा दिसणं आणि तो बाजूला काढणं हेच तर ते काम. ध्यानातही मन भरकटलंय हे दिसणं आणि त्याला परत आणणं हाच सराव आहे. त्यामुळे ज्याचं मन चाळीस वेळा पळालं आणि चाळीस वेळा परत आलं, त्याचा त्या दिवशी भरपूर सराव झाला. विचार थांबवणं हे उद्दिष्ट नाहीच. ते कोणाला हुकमी जमतही नाही.

मन पळतं तेव्हा डोक्यात काय चालतं?

२००१ साली अमेरिकेतल्या सेंट लुइस इथल्या मार्कस रायकल यांच्या गटाने मेंदूची एक गंमत मांडली. माणूस काहीच करत नसतो तेव्हा मेंदू विश्रांती घेत नाही. उलट, त्याच्या मध्यरेषेजवळचे काही भाग तेव्हाच जास्त कामाला लागतात. या जाळ्याला ‘डिफॉल्ट मोड नेटवर्क’ म्हणतात. आपण त्याला ‘रिकामटेकडं जाळं’ म्हणू. कालची भांडणं उगाळणं, उद्याच्या चिंता रचणं, ‘लोक मला काय म्हणत असतील’ याचे हिशेब मांडणं, ही कामं त्याच्याकडे. ती अगदीच निरुपयोगी नाहीत. प्रवासाची आखणी करायची तर उद्याची कल्पना करावीच लागते. पण हे जाळं बंद करायचं बटण सापडत नाही, ही अडचण.

२०१० मध्ये हार्वर्डच्या दोन संशोधकांनी २,२५० माणसांना दिवसभरात अवेळी फोनवर विचारलं: आत्ता काय करताय, मन कुठे आहे, कसं वाटतंय? जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. मन दुसरीकडे होतं तेव्हा माणसं सरासरीने कमी आनंदी होती. मन एखाद्या सुखद गोष्टीवर रेंगाळत होतं तेव्हाही ती कामात मग्न असण्यापेक्षा जास्त आनंदी नव्हती. पुढच्याच वर्षी येल विद्यापीठातल्या गटाला दिसलं की बरीच वर्षं ध्यान करणाऱ्यांमध्ये हे रिकामटेकडं जाळं ध्यानाच्या वेळी नवख्यांपेक्षा शांत असतं.

रोजच्या सरावाने मन भटकणं बंद होत नाही. भटकलंय हे लवकर कळू लागतं, आणि हा फायदा आसनावरून उठल्यावर उपयोगी पडतो. साहेबाचा मेल वाचून जबडा आवळला गेलाय हे उत्तर टाइप करण्याआधी कळलं, तर उत्तर वेगळं लिहिलं जातं. अर्ध्या तासाने कळलं तर ‘सेंड’ कधीच दाबून झालेलं असतं.

श्वास हळू झाला की शरीरात काय होतं?

आपल्या हृदयाला, आतड्यांना आणि रक्तवाहिन्यांना दोन प्रकारच्या मज्जातंतूंचे हुकूम मिळतात. एक प्रकार धावपळीचा, दुसरा विसाव्याचा. विसाव्याच्या बाजूची मुख्य तार म्हणजे मेंदूतून छाती-पोटापर्यंत उतरणारी व्हेगस नर्व्ह. श्वास सोडताना तिचा जोर वाढतो आणि हृदयाचे ठोके किंचित मंदावतात. श्वास घेताना ते किंचित वाढतात. म्हणून श्वास सोडण्याचा वेळ लांबवला की विसाव्याची बाजू वरचढ होते. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. तो आकडा सहाच्या आसपास आला की रक्तदाब सावरणारी शरीराची यंत्रणा जास्त तत्पर होते.

२००१ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी २३ निरोगी माणसांना आधी लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना म्हणायला लावली आणि मग ‘ॐ मणि पद्मे हुम्’ हा मंत्र. दोन्ही वेळा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या घरात आला. श्वास मोजायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. शब्दांची लांबीच तेवढी होती.

असे प्रयोग आपल्याकडे नवे नाहीत. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढलं ते योगक्रियांचा शरीरावरचा परिणाम प्रयोगशाळेत मोजायचा म्हणूनच, आणि ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिकही त्याच वर्षी सुरू केलं.

पुरावा भक्कम कुठे, पातळ कुठे?

ध्यानाच्या चाचण्यांत एक मेख असते. आठ आठवडे दर बुधवारी चार माणसांत जाऊन बसलं, कोणी आपुलकीने चौकशी केली, तर ध्यान न करताही बरं वाटतं. म्हणून चाचणीत तुलनेचा गट लागतो, म्हणजे तेवढाच वेळ आणि तेवढंच लक्ष मिळालेली, पण ध्यान न केलेली माणसं. असा गट नसलेल्या अभ्यासावर फार विसंबू नये.

२०१४ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या गटाने असा गट असलेल्या ४७ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यात ३,५१५ माणसं होती. चिंता, नैराश्य आणि दुखणं या तिन्हींत लहान ते मध्यम सुधारणा दिसली. जादू नाही, पण दखल घ्यावी एवढा. वजन, खाण्याच्या सवयी, व्यसन आणि एकाग्रता यांत फायदा दाखवणारा पुरावा त्यांच्या हाती लागला नाही. औषधं किंवा व्यायाम यांच्यापेक्षा ध्यान सरस आहे असंही दिसलं नाही. म्हणजे ‘त्यापेक्षा चालून या’ म्हणणारे काका अगदीच चुकीचे नाहीत. फक्त ‘त्यापेक्षा’च्या ऐवजी ‘त्याबरोबर’ म्हणायला हवं.

चिंतेच्या आजारावर २०२२ मध्ये एक चोख चाचणी आली. बोस्टन, न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन इथल्या २७६ रुग्णांपैकी निम्म्यांना एस्सिटॅलोप्रॅम ही नेहमीची गोळी दिली आणि निम्म्यांना आठ आठवड्यांचा ध्यानवर्ग. आठ आठवड्यांनी दोन्ही गटांत आजाराची तीव्रता सुमारे ३० टक्क्यांनी उतरली होती. गोळीच्या गटात ७९ टक्के लोकांना काही ना काही त्रास जाणवला, ध्यानाच्या गटात १५ टक्क्यांना. पण हा ध्यानवर्ग म्हणजे आठवड्याला अडीच तास शिक्षकासमोर, घरी रोज ४५ मिनिटं आणि वर एक पूर्ण दिवस. ‘गोळीइतकंच ध्यान’ असा मथळा छापणाऱ्यांनी ही ४५ मिनिटं सहसा गाळली.

हा वर्ग १९७९ साली जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये, जुनाट दुखण्यांनी बेजार झालेल्या रुग्णांसाठी सुरू केला होता. विपश्यना आणि झेन (जपानमधली बौद्ध ध्यानपरंपरा) यांतल्या पद्धती धार्मिक चौकटीतून काढून त्यांनी तो बांधला. दुखण्यावर त्याचा उपयोग होतो का, हे २०१६ मध्ये सिअॅटल इथे कंबरदुखीच्या ३४२ रुग्णांवर पाहिलं गेलं. सहा महिन्यांनी ध्यानाच्या गटातल्या साधारण ६१ टक्के लोकांच्या हालचालीत ठळक सुधारणा होती. नेहमीचेच उपचार चालू ठेवलेल्यांत ४४ टक्के. ध्यानाने मणका सरळ होत नाही. मात्र कळ आणि कळेमागोमाग येणारं ‘आता मी आयुष्यभर असाच वाकून चालणार’ हे भय, या दोन गोष्टी सुट्या दिसायला लागतात. कळ उरते, भयाचा भार हलका होतो, आणि माणूस उठून फिरू लागतो.

झोपेबद्दल २०१५ मध्ये लॉस एंजेलिसला ४९ ज्येष्ठ नागरिकांवर चाचणी झाली. सहा आठवड्यांनी ध्यान शिकलेल्यांची झोप, झोपेच्या चांगल्या सवयींचे धडे घेतलेल्यांपेक्षा सुधारली. संख्या लहान आहे, दिशा चांगली आहे. रक्तदाबाबद्दल अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये जपून शब्द वापरले: चालू उपचारांच्या जोडीला ध्यान करायला हरकत नाही.

‘पण मेंदू खरंच वाढतो ना?’

हा दावा २०११ च्या एका अभ्यासावरून फिरतो. आठ आठवड्यांच्या ध्यानानंतर मेंदूच्या काही भागांतला करडा पदार्थ (ग्रे मॅटर, म्हणजे मेंदूच्या पेशींनी दाटलेला भाग) वाढलेला दिसला, असं त्यात होतं. ध्यान करणारी माणसं होती १६. २०२२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या गटाने २१८ माणसांवर, चांगला तुलनेचा गट घेऊन, तेच पुन्हा तपासलं. आठ आठवड्यांनी मेंदूच्या रचनेत ध्यानामुळे झालेला कोणताही बदल सापडला नाही. फॉरवर्डमध्ये मात्र अजून २०११ चालू आहे.

मुलांबद्दलच्या दाव्यांचंही तसंच. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०२२ मध्ये जाहीर झालेल्या मोठ्या चाचणीत ८४ शाळांतली आठ हजारांवर मुलं होती. शाळेत शिकवलेल्या ध्यानाने मुलांच्या मानसिक आरोग्यात नेहमीच्या शिकवणीपेक्षा जास्त फरक पडला नाही. त्यातली एक नोंद महत्त्वाची वाटते: बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. आपल्याकडेही शाळांमध्ये आनापानाचा, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवण्याचा, ‘मित्र उपक्रम’ आहे. तासाची घंटा झाली म्हणून डोळे मिटणारी पन्नास मुलं आणि स्वतःहून दहा मिनिटं बसणारं एक मूल, यांत फरक राहणारच.

रोजच कशाला? रविवारी दीड तास बसलं तर?

न्यूयॉर्कमधल्या एका अभ्यासात (२०१९) ध्यानाची सवय नसलेल्या माणसांना रोज १३ मिनिटांचं ध्यान दिलं आणि तुलनेच्या गटाला तेवढाच वेळ पॉडकास्ट ऐकवला. चार आठवड्यांनी मोजलं तर फरक नव्हता. आठ आठवड्यांनी ध्यानाच्या गटाची मनःस्थिती, लक्ष आणि स्मरण सुधारलेलं होतं. अभ्यास लहान आहे, पण शिकवणाऱ्यांच्या अनुभवाशी तो जुळतो. बहुतेक माणसं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सोडतात, म्हणजे काही दिसायच्या अगदी आधी.

दुसरं कारण साधं आहे. भरकटलेलं मन ओळखणं ही सवय आहे, आणि सवय तासांवर नाही, फेऱ्यांवर बसते. रविवारी दीड तास बसणाऱ्याचे पहिले चाळीस मिनिटं गुडघ्यांशी भांडण्यात जातात. सोमवार ते शनिवार मन मोकाट.

इगतपुरीच्या धम्मगिरीवर सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतलं दहा दिवसांचं शिबिर हा महाराष्ट्रातल्या अनेकांचा ध्यानाशी पहिला गंभीर परिचय असतो. पहाटे चारची घंटा, दिवसाला साधारण दहा तासांची बैठक, पूर्ण मौन. पहिले तीन दिवस नुसता श्वास, चौथ्या दिवशी विपश्यना. घरी गेल्यावर रोज सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसा, असं तिथे सांगतात. पद्धत म्हणून ते रास्तच आहे. पण लोकलचा दीड तास, मुलांची शाळा आणि सासूबाईंची औषधं सांभाळून दोन तास काढणं अनेकांना जमत नाही, आणि ‘दोन तास होत नाहीत’ म्हणून ते पंधरा मिनिटंही बसत नाहीत. हा व्यवहार तोट्याचा आहे.

बसायचं कसं?

वेळ सकाळची बरी: तोंड धुऊन झाल्यावर, चहाच्या आधी. चहा ही आपली रोजची न चुकणारी गोष्ट, म्हणून ध्यान तिच्या आधी लावून टाकलं की वेगळं आठवावं लागत नाही. संध्याकाळी चालेल, पण जेवणानंतर किमान दोन तास जाऊ द्यावेत. आणि दूध गॅसवर ठेवून बसू नये, हे लिहायची गरज पडू नये, पण पडते.

जमिनीवर बसायचं तर नुसत्या सतरंजीवर नको. घोंगडी किंवा जाड चादर घडी करून तीन-चार इंचांची बैठक करावी आणि तिच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसावं. नितंब गुडघ्यांपेक्षा वर आले की कंबर किंचित पुढे झुकते आणि पाठ आपोआप उभी राहते. सपाट बसलं की पाच मिनिटांत पाठीला पोक येतं, मग छाती दबते, श्वास उथळ होतो आणि डुलकी लागते. पद्मासनाचा हट्ट नको. साधी मांडी पुरे. गुडघे जमिनीला टेकत नसतील तर खाली एकेक उशी द्यावी.

खुर्ची घेतली तर तळवे जमिनीवर पूर्ण टेकलेले हवेत. पाय लोंबत असतील तर खाली पाट ठेवावा. पाठ खुर्चीला रेलून नको, पण आधारच लागत असेल तर कंबरेशी उशी घ्यावी. हात मांडीवर, मुद्रा ऐच्छिक. हनुवटी किंचित आत.

फोनवर पंधरा मिनिटांचा गजर लावून तो एअरप्लेन मोडवर टाकावा आणि हाताच्या अंतरावर नको, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवावा. गजर मंद असावा, नाहीतर सगळी विश्रांती शेवटच्या सेकंदाला उधळते. पहिला आठवडा पाच मिनिटं, दुसरा दहा, तिसऱ्यापासून पंधरा.

सुरुवातीचे पाच-सहा श्वास जरा लांब घ्यावेत: चार अंक मोजत आत, सहा अंक मोजत बाहेर. त्यानंतर श्वासाला मोकळं सोडून द्यावं आणि फक्त लक्ष ठेवावं. जागा एकच निवडावी. नाकपुडीच्या कडेला आत जाताना गार आणि बाहेर येताना कोमट असं काहीतरी जाणवतं, ती एक जागा. ते जाणवत नसेल तर बेंबीजवळ पोटाची वर-खाली होणारी हालचाल. सर्दी झाल्यावर पोट बरं. पण एकाच बैठकीत नाकावरून पोटावर, पोटावरून नाकावर अशी धरसोड नको.

मन फारच उधळलेलं असेल तर श्वास सोडून संपला की एक अंक मोजावा, एक ते दहा; मग पुन्हा एकपासून. मध्येच अंक विसरला तर एकवर यावं. कधीतरी लक्षात येतं की आपण सतरा म्हणतोय. तोंड मोजत राहिलं होतं, मन केव्हाच बाहेर गेलं होतं. अशा वेळी मनात फक्त ‘विचार’ असं म्हणून परत यावं. स्वतःवर चिडू नये. चिडणं हा पुढचा विचार.

घरातला गोंगाट थांबायची वाट पाहिली तर ध्यान निवृत्तीनंतरच होईल. खालच्या मजल्यावरची कुकरची शिट्टी, घंटागाडीचं गाणं, जिन्यातली चप्पल, यांना आवाज म्हणूनच ऐकावं. ‘ही घंटागाडी आज एवढी लवकर कशी’ इथपासून विचार सुरू होतो; तो ओळखला की झालं.

कुठे बिघडतं आणि का?

डुलकी ही सर्वांत मोठी तक्रार. रोज सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या माणसाला शांत बसवलं तर शरीर आधी थकबाकी वसूल करणार. त्यावर उपाय झोपेचा आहे. झोप पुरेशी असून डुलकी लागत असेल तर डोळे अर्धे उघडे ठेवून तीन-चार फुटांवर जमिनीकडे पाहावं, किंवा पाच मिनिटं उभं राहून करावं.

चक्कर येणं, ओठांना आणि बोटांना मुंग्या येणं, याचा अर्थ काही ‘जागृत’ होतंय असा नाही. सारखे खोल श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरलाय. श्वास ओढणं थांबवून तो जसा येतो तसा येऊ द्यावा, दोन मिनिटांत थांबतं.

कपाळ जड होत असेल तर मिटलेले डोळे भुवयांच्या मध्ये ताणले जातायत. डोळे सैल सोडावेत. पाय बधिर होणं म्हणजे मज्जातंतूवर दाब. बैठक उंच केली की कमी होतं आणि उठण्याआधी अर्धा मिनिट पाय पसरले की धोका नाही. गुडघ्याच्या आत टोचल्यासारखी कळ आली तर मात्र सहनशक्तीची परीक्षा घेऊ नये, लगेच पाय बदलावा.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे एखाद्या दिवशी लागलेली गोड तंद्री. दुसऱ्या दिवशी माणूस तीच शोधत बसतो आणि ती मिळाली नाही म्हणून खट्टू होतो. बैठक कशी झाली यावरून सरावाला मार्क देऊ नयेत. आठ आठवड्यांनी दिवसाकडे पाहावं: राग यायचा थांबला का, हे नाही, तर आला की किती वेळ टिकतो? सिग्नलला थांबल्याबरोबर हात फोनकडे जातो का? रात्री तीनला जाग आली तर पुन्हा डोळा लागायला किती वेळ जातो? घरच्यांना विचारलं तरी चालेल. त्यांना आधी कळतं.

‘मी रोज जप करते, मग हे वेगळं कशाला?’

नसेलही लागत. जप हेही आलंबनाचंच ध्यान आहे. ‘श्रीराम जय राम जय जय राम’ एका लांब उच्छ्वासात, घाई न करता म्हटलं की श्वास आपसूक संथ होतो; इटलीतल्या प्रयोगात दिसलं ते हेच. अडचण येते ती माळ हातात फिरतेय, तोंडाने नाम चाललंय आणि मन भाजीच्या यादीवर आहे तेव्हा. १०८ मणी पूर्ण करण्याची घाई असेल तर २७ च करावेत, पण मन सुटलं की त्या मण्यावर थांबून परत आणावं. श्रद्धा असणाऱ्याने नाम घ्यावं, नसणाऱ्याने श्वास. परत आणण्याची क्रिया तीच.

‘मग गोळ्या बंद करू का?’

नाही. बीपीच्या, मधुमेहाच्या, नैराश्याच्या गोळ्या ध्यान सुरू केलं म्हणून स्वतःच्या मनाने थांबवू नयेत. बीपीत काही महिन्यांनी फरक दिसला तर मात्रा ठरवायला डॉक्टर आहेत. विशेषतः नैराश्याची गोळी एकदम तोडली की चक्कर, अस्वस्थता, झोप उडणं असे त्रास होतात आणि दोष ध्यानाला लागतो.

ध्यान सगळ्यांना निर्धोक आहे, हेही खरं नाही. २०२० मध्ये ८३ अभ्यास एकत्र पाहिले गेले तेव्हा साधारण आठ टक्के लोकांना ध्यानामुळे काही ना काही त्रास झाल्याचं आढळलं, बहुतेक वेळा वाढलेली चिंता किंवा उदासी. ज्यांना पूर्वी भ्रम किंवा भास झालेत, ज्यांना बायपोलरचा आजार आहे, किंवा ज्यांच्यावर अलीकडे मोठा आघात झालाय, त्यांनी लांब मौन शिबिराला जाण्याआधी आपल्या मानसोपचारतज्ज्ञांशी बोलावं. विपश्यना केंद्रांच्या अर्जातही मानसिक आजाराबद्दल विचारलेलं असतं; तिथे काही लपवू नये.

घरी बसतानाही डोळे मिटले की जुन्या प्रसंगाची दृश्यं अंगावर येत असतील, तर डोळे उघडावेत, पायाचे तळवे जमिनीवर दाबावेत, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्यावीत आणि त्या दिवसापुरतं थांबावं. असं वारंवार होत असेल तर एकट्याने रेटू नये. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते आणि मराठीत बोलता येतं.

खंड पडला तर?

पडणारच. गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, मुलाची परीक्षा असते, ताप येतो. सवय कशी लागते यावर लंडनमध्ये ९६ माणसांवर झालेल्या अभ्यासात (२०१०) एखादी गोष्ट आपोआप व्हायला सरासरी ६६ दिवस लागले. पण कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला अडीचशेच्या वर लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फरक पडला नव्हता. त्यामुळे चुकलेली पंधरा मिनिटं दुसऱ्या दिवशी जोडून तीस करू नयेत. त्याने पाय अवघडतात आणि तिसरा दिवसही जातो. गडबडीच्या दिवशी पाच मिनिटं बसावं, तेही नाही जमलं तर लिफ्टची वाट पाहताना दहा श्वास मोजावेत. आठवडाभर सुटलं असेल तर पंधराऐवजी दहापासून पुन्हा सुरू करावं, त्याच जागी, चहाच्या आधी.